एल्डन रिंग संपवल्यावर मन दोन्हीकडे का ओढतं?

भाऊ, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. धान मळून घरात आल्यावर तू सेकंडहँड लॅपटॉपवर एल्डन रिंग सुरू केलास. शेतीची लाइन रात्री उशिरा येते, तोवर जागं राहावंच लागतं, तो वेळ तू या गेममध्ये घातलास. इकडे उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली आणि तिकडे शेवटचा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, पडला. तू लिहितोस : "सिओफ्रा नदीपाशी उतरलो त्या रात्री झोप आली नाही, आणि गेम संपला त्या रात्री काहीच वाटलं नाही. उलट रागच आला. पण अनइन्स्टॉल करायला हातही होत नाही. दादा, चुकलं काय, माझं की गेमचं? पुन्हा सुरू करू का? डीएलसी (गेमचा नंतर आलेला जोडभाग) घेऊ का? आणि धाकटा मागं लागला आहे, त्याला देऊ का?"

तालुक्याच्या गावात मी कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि मागच्या खोलीत गेमिंगच्या चार मशीन आहेत. फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे गेम मी डार्क सोल्सपासून खेळत आलो आहे. त्याहून जास्त वेळ इतरांना ते खेळताना पाहण्यात गेला आहे. त्या अनुभवातून सांगतो : तुझं काही चुकलेलं नाही. तुला एका गेमबद्दल एकच मत हवं आहे आणि ते मिळत नाही म्हणून तू अडला आहेस. पण तुझं प्रेम एका गोष्टीवर आहे आणि राग दुसऱ्याच गोष्टीवर. दोन्ही खरे आहेत. त्यांची बेरीज-वजाबाकी करायची गरज नाही. दोन्ही वेगवेगळे करून बघितले की बराचसा गुंता सुटतो.

आधी प्रेमाचं बघू, कारण तेच मोठं आहे.

एल्डन रिंग २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या जगाचा जुना इतिहास लिहिला जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी. एवढा पसरलेला नकाशा, पण कुठे जायचं याची यादी नाही, कोणाचं काम अर्धं राहिलं याची नोंद नाही. ग्रेसच्या, म्हणजे विसाव्याच्या आणि मेल्यावर परत उभं राहण्याच्या, जागेवरून निघणारी सोनेरी प्रकाशाची एक रेघ दिशा दाखवते, तीही मोघम. सुरुवातीला तर नकाशावर भेटलेल्या पात्रांच्या खुणाही नव्हत्या, त्या मार्च २०२२ च्या अपडेटमध्ये आल्या. बाकी सगळं तुझ्या डोळ्यांवर सोडलेलं. दूर काहीतरी दिसलं, घोडा तिकडे वळवला, एवढीच पद्धत.

आता आठव. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या तळ्याकाठी जळकी पडकी घरं आहेत, तिथे तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धूर निघतो आणि आपण थेट दूरच्या केलिड प्रदेशातल्या एका खाणीत जाऊन पडतो. बाहेर पडेपर्यंत परतीचा रस्ता नाही, आणि बाहेर आलं की आभाळ लाल, जमीन सडलेली, कुत्री ट्रकएवढी. माझ्याकडे जो जो हा गेम खेळला, त्यातला जवळजवळ प्रत्येक जण त्या पेटीत सापडला, आणि प्रत्येकाला ती घटना स्वतःची वाटते. कोणी सांगितलेली नाही, स्वतःवर आलेली. सिओफ्राचंही तसंच. मिस्टवूडच्या जंगलात एक गोल दगडी इमारत, आत लिफ्ट. लिफ्ट उतरते, उतरतच राहते, आणि जमिनीच्या पोटात जाऊन थांबते तेव्हा डोक्यावर तारे. माझ्या दुकानात एक पोट्टा त्या जागी पोचला तेव्हा त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि नुसता कॅमेरा वर फिरवत बसला. मागं उभ्या असलेल्या तिघांपैकी कोणीच त्याला "पुढं चल" म्हटलं नाही.

हा आनंद माहीत नसण्याचा आहे. तो एकदाच मिळतो. तुला शेवटी जे रिकामं वाटलं त्यातला निम्मा भाग एवढाच आहे की आता त्या नकाशावर तुला न माहीत असलेलं फार थोडं उरलं. हा गेमचा दोष नाही, तुझाही नाही. ज्या गेमला लपवायला काही नसतं, तो संपल्यावर असं होत नाही.

तू आणखी एक लिहिलंस की इंग्रजी नीट कळत नव्हतं, वस्तूंवरची वर्णनं अर्धीच समजली, म्हणून कदाचित गोष्ट हातून निसटली असेल. यावर मला जरा थांबून सांगायचं आहे. मियाझाकी यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे की लहानपणी ते कळत नसलेली इंग्रजी पुस्तकं वाचायचे, आणि जिथे मजकूर समजत नसे तिथे चित्रांवरून गोष्ट जुळवायचे. त्यांचे गेम त्याच सवयीतून आले आहेत. तुकडे द्यायचे, जोडणी वाचणाऱ्यावर सोडायची. म्हणजे तू गावात बसून, डिक्शनरी उघडून, अर्धं वाचून अर्धं ताडून जो खेळलास तो कमी प्रतीचा खेळ नव्हता. ज्याला सगळं कळतं असं वाटतं आणि जो भराभर बटण दाबून संवाद उडवतो, त्याच्यापेक्षा तू या गेमच्या जास्त जवळ गेलास.

एक उदाहरण देतो, कदाचित तुझ्या वाचनातून राहिलं असेल. रादान. केलिडच्या वाळूत लढलास तो राक्षसी योद्धा, खाली मरतुकडा घोडा, एवढ्या मोठ्या देहाखाली तो जेमतेम दिसतो. बघणाऱ्याला विचित्र वाटतं. पण त्याला मारल्यावर जी 'आठवण' नावाची वस्तू हाती येते तिच्या वर्णनात लिहिलं आहे की त्या अशक्त पण लाडक्या घोड्याला सोडावं लागू नये म्हणून रादान गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला. आपलं वजन घोड्यावर पडू नये म्हणून. पुढे तीच विद्या वापरून त्यानं आभाळातले तारे अडवून धरले. रोगानं वेडा झाला, स्वतःच्याच माणसांची प्रेतं खाऊ लागला, तरी घोडा अजून त्याच्या खाली जिवंत आहे. बैल पाळणाऱ्या घरातल्या पोरांना हे वाचून दाखवलं की ती गप्प होतात. पोळ्याला ज्यानं बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं आहे त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नसतं. आणि रादान पडल्यावर अडलेले तारे सुटतात, एक येऊन लिमग्रेव्हवर आदळतो, खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यातून नोक्रॉन या जमिनीखालच्या शहराला जायची वाट उघडते. एका वस्तूवरचं वर्णन, एक लढाई आणि नकाशावरचा एक खड्डा, तिन्ही एकाच धाग्यात. असं काम मी दुसऱ्या कोणत्या गेममध्ये इतकं नेटकं पाहिलेलं नाही.

आता रागाकडे येतो.

तुझा राग बराचसा रास्त आहे. लेंडेल राजधानीपर्यंत हा गेम तुला सैल सोडतो. एक बॉस जड गेला तर दुसरीकडे जा, ताकद वाढव, परत ये. राजधानीनंतर वाट अरुंद होते. बर्फाचा डोंगर, तिथला बॉस फायर जायंट, मग फारुम अझुला हे पडकं शहर, आणि पुढे मालिकेथ, गॉडफ्री, रॅडॅगन आणि एल्डन बीस्ट हे बॉस. जवळजवळ सरळ रांग. शत्रूंचा मारा एकदम वाढतो, बर्फाचा प्रदेश त्या मानानं ओसाड आहे, आणि आधी पाहिलेले बॉस परत परत पुढे येतात. अल्टस पठारावरच्या एका कैदखान्यात आधीच्या गॉड्रिक या बॉसचीच दुसरी आवृत्ती वेगळ्या नावानं उभी आहे. जमिनीखालच्या अंधारात पहिल्यांदा दिसला तेव्हा ज्यानं तुझा श्वास रोखला असेल तो ॲस्टेल नावाचा बॉस बर्फाखालच्या एका बोगद्यात पुन्हा भेटतो, आणि दुसऱ्यांदा भेटल्यानं पहिल्या भेटीची किंमत कमी होते. हे कंपनीनं टाळायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. जग थोडं लहान चाललं असतं.

पण सगळा भार गेमवर टाकू नकोस, कारण तू पाठवलेल्या आकड्यांत मला दोन गोष्टी दिसल्या, आणि त्या तुला कोणी सांगितल्या नसाव्यात.

पहिली, व्हिगर, म्हणजे अंगात जीव किती हे ठरवणारा आकडा, २८. एवढ्यावर तू बर्फात गेलास. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच अडकतात. मारा वाढवत जातात, जीव वाढवत नाहीत, कारण लेंडेलपर्यंत त्यानं भागतं. व्हिगर ४० ला तुझा जीव १४५० होतो, ६० ला १९००. साठच्या पुढे वाढ अगदीच किरकोळ, ९९ ला जेमतेम २१००. शेवटच्या टप्प्यातले बॉस ज्या हिशेबानं मारतात तो हिशेब साठच्या आसपासचा आहे. तीसच्या आत राहिलास तर दोन फटक्यांत खेळ आटोपतो, आणि मग लढाई शिकायला वेळच मिळत नाही. चूक कुठे झाली ते कळायच्या आत परत ग्रेसवर. तुला जो अन्याय वाटला त्यातला मोठा वाटा या एका आकड्याचा होता.

दुसरी गोष्ट तुझं हत्यार. सुरुवातीलाच भेटणाऱ्या ट्री सेंटिनलला पाडून तू सोनेरी हॅल्बर्ड (लांब दांड्याचा परशू) मिळवलास आणि शेवटपर्यंत तोच वापरलास. मला ते फार आवडलं. चांगलं हत्यार आहे, त्याचा गोल्डन वाव हा खास डाव मारा आणि बचाव दोन्ही वाढवतो. पण त्याच्या माऱ्याचा मोठा हिस्सा होली, म्हणजे पवित्र शक्तीच्या, प्रकारचा आहे, आणि रॅडॅगन व एल्डन बीस्ट या दोघांवर नेमका होली मारा फार थोडा लागतो. ते त्या सोनेरी शक्तीचेच बनलेले आहेत, गोष्टीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. शिवाय हा हॅल्बर्ड सॉम्बर नावाच्या खास दगडांवर वाढणारा, म्हणजे साध्या हत्यारासारखा त्याचा प्रकार बदलता येत नाही. थोडक्यात, गेमनं पहिल्या तासात जे बक्षीस दिलं तेच शेवटच्या तासात निकामी केलं, आणि कुठेही तसं स्पष्ट सांगितलं नाही. शेवटच्या लढाईसाठी एखादी साधी मोठी तलवार पंचविसाव्या पायरीपर्यंत वाढवून घेतली असतीस तर चित्र वेगळं असतं.

एल्डन बीस्टबद्दल मात्र मी तुझ्याच बाजूनं आहे. रॅडॅगन पडतो, त्याच दमात दुसरा येतो, मध्ये जीव भरून काढणारे फ्लास्क भरून मिळत नाहीत, आणि हा दुसरा समोर येऊन लढत नाही. मैदानाच्या त्या टोकाला निघून जातो, आपण धावत जायचं, दोन घाव घालायचे, तो परत निघून जातो. मैदान इतकं मोठं की घोड्याची गरज पडावी, आणि घोडा बोलावता येत नसे. जून २०२४ च्या अपडेटमध्ये कंपनीनंच तिथे टॉरेंटला, म्हणजे आपल्या घोड्याला, बोलावायची मुभा दिली. म्हणजे तक्रार बरोबर होती हे त्यांनीही मान्य केल्यासारखंच आहे. तुझ्या गेममध्ये ती सोय होती, शिट्टी वाजवली असतीस तर घोडा आला असता. बॉसच्या मैदानात घोडा येत नाही ही सवय इतकी मुरलेली असते की फारसं कोणी वाजवून बघतच नाही.

त्याच्या आधीचा गॉडफ्री बघ, म्हणजे माझं म्हणणं कळेल. अर्ध्या लढाईत तो पाठीवरचा सिंह स्वतःच्या हातानं मारतो, कुऱ्हाड टाकतो आणि पैलवानासारखा अंगावर येतो, उचलून आपटतो. अवघड आहे, पण समोर आहे. हरलो तर का हरलो ते दिसतं. अवघडपणाबद्दल तुझी तक्रार कधीच नव्हती. मॅर्गिट या सुरुवातीच्या बॉसनं तुला किती दिवस अडवलं ते तू स्वतः लिहिलं आहेस, आणि लिहिताना तुझा सूर आनंदाचा आहे. मॅर्गिट काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो, आपण घाबरून फटका चुकवायला आधीच लोळतो, आणि लोळून उठलो की काठी खाली येते. काठी वर गेली की लोळायचं नाही, खाली यायला लागली की लोळायचं, हे एकदा हाताला कळलं की तो पडतो. तिथे तू शिकलास म्हणून जिंकलास. एल्डन बीस्टनं तुला शिकवलं काही नाही, नुसतं दमवलं. म्हणून तिथे जिंकूनही हाती काही लागलं नाही असं वाटलं.

आता तिसरी गोष्ट. ती तू लिहिलेली नाहीस, पण तुझ्या लिहिण्याच्या मधे मधे ती डोकावते.

तू लिहितोस की "राख झाल्यावर फिरायलाही मन लागलं नाही". भाऊ, तो बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे. या गेममध्ये पुढे जायचं तर एर्डट्री जाळावंच लागतं. पहिल्या मिनिटापासून जे झाड आभाळ भरून दिसतं, ज्याच्या उजेडानं रस्ता समजतो, ते आपल्याच कृतीनं पेटतं. आणि त्यासाठी सुरुवातीपासून सोबत असलेली मेलिना जाते. तिनंच घोडा दिला, तिच्यामुळेच रून्सची (शत्रू मारून मिळणाऱ्या कमाईची) ताकद करता येऊ लागली, आणि जायंटांच्या त्या कढईपाशी ती स्वतःला जाळण म्हणून देते. मग फारुम अझुला, मालिकेथ, आणि परत येतो तेव्हा लेंडेल राखेखाली गेलेलं. ज्या गल्ल्यांत चुकलो, ज्या छतांवरून उड्या मारल्या, त्या पुन्हा कधीच तशा दिसत नाहीत. एकदा राख झाली की त्या खेळापुरती ती कायमची.

ह्यूग लोहाराकडे शेवटी गेला होतास का? राउंडटेबल होल्ड या आपल्या मुक्कामाच्या घरात साखळीनं बांधलेला तो म्हातारा, ज्यानं तुझा हॅल्बर्ड एकेक पायरी वाढवून दिला. झाड पेटल्यावर ते घरही जळत असतं, आणि ह्यूगला हळूहळू काहीच आठवेनासं होतं. तुला ओळखत नाही. तिथेच राहणारी रोडेरिका त्याला सोडून जायला तयार नाही. हातोडा मात्र चालूच असतो. नसशील गेला तर एकदा जाऊन ये. ज्याला वाटतं की या गेममध्ये गोष्ट नाही, त्याला मी तिथे पाठवतो.

लिव्हिंग जार अलेक्झांडर आठवतो ना? स्टॉर्महिलच्या खड्ड्यात अडकलेला रांजण, ज्याला मागून फटके मारून बाहेर काढावं लागतं. तो रादानच्या लढाईत तुझ्या बाजूनं येतो, पुढे पुन्हा एकदा तसाच अडकतो, आणि फारुम अझुलामध्ये शेवटी तुझ्याशीच लढायचं म्हणतो. मैत्री म्हणून. त्याला मारल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

अशा सगळ्या वाटेनं आल्यावर सिंहासनावर बसताना नाचावंसं वाटलं नाही यात नवल काय? तू राजा झालास त्या वेळी राज्यात तुझं कोणी उरलेलं नव्हतं. गेमनं तुला हे तोंडानं सांगितलं नाही, करून दाखवलं, आणि तुला ते जाणवलं. त्याला तू "काहीच वाटलं नाही" असं नाव दिलंस.

शेवटाबद्दल एक तक्रार मात्र खरी, ती लवकर संपवतो. एकूण सहा शेवट आहेत, त्यातले चार जवळपास एकच दृश्य आहे, रंग आणि दोन वाक्यं बदलतात. रानी (Ranni) या पात्राचा शेवट आणि फ्रेन्झीड फ्लेमचा शेवट हे दोनच खऱ्या अर्थानं वेगळे. तू पहिला, साधा घेतलास. इतक्या रात्रींच्या बदल्यात ते दृश्य तोकडं आहे, हे मी पण म्हणतो.

उरला प्रश्न हात रिकामे वाटण्याचा. रोवणी आटोपली की दोन-तीन दिवस पहाटे आपोआप जाग येते आणि कंबर वाकायला बघते, तसं हे आहे. तुझं डोकं हिवाळाभर रोज रात्री एकाच कामाला जुंपलेलं होतं. कुठून जायचं, काय वाढवायचं, तो तिसरा फटका कसा चुकवायचा. बांधीवर पाणी बघतानाही तू त्याचाच विचार करत होतास असं तूच लिहिलंस. ते एकदम थांबलं. याला औषध नाही, थोडे दिवस जाऊ द्यायचे. एवढं मात्र कर की त्या रिकामपणात लगेच दुसरा अवघड गेम कोंबू नकोस. सेकिरो सुचवणारे भेटतील. फार चांगला गेम आहे, पण आत्ता घेतलास तर त्याच्यावर अन्याय होईल. आणि उशिरापर्यंत जागण्याची सवय आता मोड. लाइन दिवसाची असेल त्या आठवड्यात तरी झोप. आपल्या तालुक्यात जंगलाकाठच्या बांधीवर रात्री जाणाऱ्यानं पुरती झोप घेतलेली असावी, वाघाची गोष्ट तुला मी काय सांगू.

पुन्हा खेळू का, हे विचारलंस. जर्नी टू, म्हणजे त्याच पात्रानं नव्यानं सुरुवात, आत्ता करू नकोस. शेवट झाल्यावर गेम विचारतो तेव्हा नाही म्हटलंस हे चांगलं केलंस. ती सुरुवात नंतर राउंडटेबलच्या ग्रेसवरून कधीही करता येते. एकदा सुरू केलीस की हे जग गेलं, आणि तुझ्या या जगात अजून बघायचं बाकी आहे. तू हॅलिगट्री या लपवलेल्या जागी गेलाच नाहीस. त्यासाठी रोल्डच्या लिफ्टचं गुप्त पदक लागतं, त्याचा एक अर्धा अल्बिनॉरिकांच्या गावात आणि दुसरा कॅसल सोलमध्ये. तिथून बर्फाळ प्रदेश, मग ते पांढरं झाड, आणि तळाशी मालेनिया ही बॉस. ती तुला लागलेल्या प्रत्येक फटक्यानं स्वतः भरून येते, ढालीवर घेतलास तरी. अवघडातली अवघड आहे, पण समोर उभी राहून लढते, आणि हरल्यावर का हरलो ते कळतं. व्हिगर साठवर ने, मग जा. तुझ्या मनातला शेवट एल्डन बीस्टवर झाला म्हणून कडू झाला आहे. तो मालेनियावर झाला तर तुला वेगळं वाटेल असा माझा अंदाज आहे.

त्याआधी सेव्ह फाइलची कॉपी काढून ठेव. विंडोजमध्ये ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात एल्डनरिंग नावाचं फोल्डर आहे. ते अख्खं पेनड्राइव्हवर घे. आपल्याकडे लाइन कधी जाईल आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. आणि अधूनमधून अडकत होतं म्हणालास, ते रॅममुळे. तुझ्यात ८ जीबी आहे, या गेमची किमान मागणीच १२ ची आहे. एक स्टिक वाढव, फरक लगेच दिसेल.

डीएलसी, शॅडो ऑफ द एर्डट्री, जून २०२४ मध्ये आला. घ्यावा असं मी नक्की सांगेन, पण पावसाळ्यात. आत जायला रादान आणि मोहग हे दोन बॉस पडलेले लागतात, मोहग तुझा राहिला आहे. नकाशा मूळ गेमपेक्षा लहान, पण एकावर एक मजले असल्यासारखा गच्च भरलेला. आणि मुख्य म्हणजे तिथे तुला काहीच माहीत नसेल. सिओफ्राच्या लिफ्टमध्ये जे झालं ते परत व्हायची एवढी एकच जागा उरली आहे, ती घाईत खर्च करू नकोस. एक ध्यानात ठेव, तिथली ताकद तिथेच सापडणाऱ्या स्कॅडूट्रीच्या तुकड्यांनी वाढते, नुसत्या लेव्हलवर जाशील तर पहिल्याच शिपायाकडून मार खाशील. तुकडे शोधत फिर, बॉसच्या मागे लागू नकोस.

आता धाकट्याचं. त्याची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेवटचा पेपर होईपर्यंत लॅपटॉप त्याच्या हाती देऊ नकोस, यात मी काही ऐकून घेणार नाही. हा गेम तासाभरात बाजूला ठेवता येत नाही, तू स्वतः अनुभवलं आहेस. युरोपात त्याला १६ वर्षांवरचा दाखला आहे, सतराच्या पोराला चालेल. पेपर संपले की दे, आणि त्याच्या शेजारी बस, पण तोंड बंद ठेव. सिओफ्राची लिफ्ट सांगू नकोस. तळ्याकाठची पेटी तर अजिबात सांगू नकोस. तो उघडेल, केलिडमध्ये पडेल, तुझ्याकडे वळून बघेल, तेव्हाही "मला काय माहीत" म्हण. फक्त दोन गोष्टी त्यानं विचारायच्या आधी सांगितल्यास तरी चालतील. मॅर्गिटपाशी अडकला तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे, तिकडे आधी फिरून ये. आणि पहिले काही रून्स मिळाले की व्हिगरमध्ये घाल.